यू-कोड दिसला म्हणून मॉड्यूल बदलू नका

गाडी टो होऊन येते. चावी फिरवली की मीटरवर एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागतात. सेल्फ फिरत नाही. स्कॅनर लावला की ‘लॉस्ट कम्युनिकेशन’चे, म्हणजे मॉड्यूलचा (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरचा) आपसातला संपर्क तुटल्याचे, दहा-अकरा यू-कोड समोर उभे. आयटीआय करून नुकत्याच गॅरेजला लागलेल्या मुलाला इथे घाम फुटतो. मलाही फुटला होता.

माझी अशी पहिली गाडी एक छोटी हॅचबॅक होती. चालू होताना सगळं ठीक, पण रस्त्याला लागून जरा वेग घेतला की एबीएसचा दिवा लागायचा आणि मागोमाग स्टिअरिंगचा. इंजिनच्या इसीएममध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या मॉड्यूलमध्ये, कोड होता यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. मी सरळ अर्थ लावला, एबीएस युनिट गेलं. जुन्या बाजारातून तसंच युनिट आणलं, ब्रेकचे पाइप सोडले, युनिट बसवलं, ऑइल भरलं, एअर काढली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ग्राहक गाडी घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. दिवा तिथेच! बिघाड काय होता ते चौथ्या पायरीत सांगतो, कारण तो मला तिथेच सापडायला हवा होता.

आधी एवढं समजून घ्या

पूर्वी गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असायची. वेगाचा सेन्सर मीटरला हवा असेल तर एक वायर, इंजिनला हवा असेल तर दुसरी. वायरिंगचा गठ्ठा वाढत चालला. बॉश कंपनीने १९८३ साली यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट इथे ‘कॅन’ (कंट्रोलर एरिया नेटवर्क) ही पद्धत जाहीर केली. आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, मीटर, बीसीएम (दिवे, दरवाजे सांभाळणारं मॉड्यूल) हे सगळे अशा पिळलेल्या वायरजोडीवर बोलतात.

हे बोलणं फोनसारखं नसतं, दवंडीसारखं असतं. एबीएस मॉड्यूल ‘चाकांचा वेग एवढा’ अशी दवंडी देतं. ती सगळ्यांना ऐकू जाते, ज्याला गरज आहे तो उचलतो. ही दवंडी सेकंदाला कित्येक वेळा पिटली जाते. ठरलेल्या वेळात ती आली नाही की ऐकणारा आपल्या वहीत नोंद करतो: अमुक गैरहजर. ही नोंद म्हणजेच यू-कोड. ज्याच्या वहीत नोंद आहे तो जिवंत आहे, हजर आहे. संशय ज्याचं नाव नोंदलं गेलंय त्याच्यावर घ्यायचा, आणि तोही आजारी आहे, उपाशी आहे की त्याच्या दारातला रस्ता तुटलाय, हे अजून ठरायचं असतं.

जोडीतली एक वायर कॅन हाय, दुसरी कॅन लो. कोणी बोलत नसताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. कोणी बोललं की हाय ३.५ ला चढते आणि लो १.५ ला उतरते. मॉड्यूल बघतं ते दोन्हींमधला फरक. अल्टरनेटरचा किंवा इग्निशनचा त्रास आला तर पिळलेल्या जोडीत तो दोन्ही वायरींवर सारखाच येतो, फरक तसाच राहतो. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, नाहीतर सिग्नल टोकाला आपटून मागे फिरतो. हे रेझिस्टर बहुधा दोन मॉड्यूलच्या पोटातच असतात.

आणखी एक गोष्ट. एखाद्या मॉड्यूलच्या दवंडीत वारंवार चूक होत असेल तर ते स्वतःच्या चुका मोजतं आणि मोजणी २५५ च्या पुढे गेली की आपणहून लाइनवरून बाजूला होतं. याला ‘बस ऑफ’ म्हणतात. म्हणजे धडधाकट मॉड्यूलही खराब वायरमुळे गप्प बसू शकतं.

काय काय जवळ हवं

डिजिटल मल्टीमीटर चांगला हवा, बाजारातला सर्वात स्वस्त नको. स्कॅनर असा हवा की सगळी मॉड्यूल वाचता येतील. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, आणि या कामात तेवढं पुरत नाही. कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) मागून घालायच्या बारीक पिना, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डर आणि दोन वायरींसकट, दहाचा पाना, बॅटरी चार्जर, पॉलिश पेपर. दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) असला तर उत्तम, पण त्याच्यावाचून कामाचा मोठा भाग होतो.

कागदपत्रांत सर्वात आधी त्या मॉडेलचा, त्या वर्षाचा, त्या व्हेरिएंटचा वायरिंग डायग्राम. ‘साधारण सारखाच असतो’ म्हणून दुसऱ्या वर्षाचा वापरू नका, वायरींचे रंग बदललेले असतात. आरसी बुकवरून चेसिस नंबर उतरवून घ्या. आधीच्या सर्व्हिसची बिलं आणि अपघाताचा क्लेम झाला असेल तर त्याची बिलं मागा. आणि जॉबकार्डवर ‘तपासणीची मजुरी वेगळी’ असं लिहून ग्राहकाची सही घ्या. तीन तास शोधून दोन रुपयांचा बोल्ट घट्ट केला तर ग्राहक बोल्टचे पैसे देतो, तीन तासांचे देत नाही. हा अनुभव प्रत्येकाला एकदा येतोच.

१. बोनेट उघडण्याआधी ग्राहकाला बोलतं करा

काय झालं यापेक्षा कधीपासून झालं ते विचारा. नवीन स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, जीपीएस ट्रॅकर, सेंट्रल लॉकचा अलार्म बसवला का? काच बदलली का? डेंटिंग-पेंटिंग झालं का? दुसऱ्या गाडीवरून जंप देताना केबल उलटी लागली का? इंजिन प्रेशरने धुतलं का? गाडी बरेच दिवस उभी होती का? उभी गाडी म्हणजे उंदरांचं बाळंतघर.

ग्राहक ‘काहीच केलं नाही हो’ म्हणतो. थोड्या वेळाने चहा घेताना ‘फक्त तो कॅमेरा बसवला तेवढाच’ असं निघतं. चहा पाजाच.

२. बॅटरी आणि पूर्ण स्कॅन

बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की मॉड्यूल रिसेट होतात आणि एकमेकांच्या नावाने गैरहजेरी लावतात. असे कोड खरे असतात, पण बिघाड बॅटरीचा असतो.

मग सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन करा आणि फोटो काढून ठेवा. त्यानंतरच कोड पुसा. चावी बंद, एक-दोन मिनिटं थांबा, चावी ऑन, पुन्हा स्कॅन. जे परत आले त्यांच्याच मागे लागायचं. नवखे इथे हमखास चुकतात, फोटो न काढता कोड पुसतात आणि बिघाड कधीमधी येणारा असला की हातात काहीच उरत नाही.

स्कॅनर मुळी चालूच झाला नाही तर घाबरू नका. ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या, १६ नंबर पिनवर बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ वर अर्थ (बॅटरीचा मायनस) आहे का बघा. काही गाड्यांत या सॉकेटचा आणि सिगारेट लायटरचा फ्यूज एकच असतो. मोबाइल चार्जरने तो उडवलेला असतो आणि आपण इसीएमला दोष देत बसतो.

३. कोण कुणाची तक्रार करतंय, ते कागदावर मांडा

डावीकडे स्कॅनरला उत्तर देणारी मॉड्यूल, उजवीकडे त्यांनी कुणाचं नाव घेतलंय ते. नेहमी भेटणारे कोड: यू०१०० इंजिनचा इसीएम, यू०१०१ गिअरबॉक्सचा, यू०१२१ एबीएस, यू०१३१ पॉवर स्टिअरिंग, यू०१४० बीसीएम, यू०१५१ एअरबॅग, यू०१५५ मीटर. यू०००१ किंवा यू००७३ आला तर तक्रार एकाची नाही, लाइनचीच आहे.

कागद पूर्ण झाला की चित्र उमटतं. सगळ्यांनी एकाचंच नाव घेतलंय आणि स्कॅनरलाही तेच उत्तर देत नाही: चौथ्या पायरीवर जा. कोणीच उत्तर देत नाही: चौथी पायरी सोडून पाचवी. अर्धी मॉड्यूल बोलतात, अर्धी नाहीत: डायग्राम उघडा आणि गप्प असलेल्यांमध्ये समान काय आहे ते शोधा. एकच फ्यूज, एकच अर्थ पॉइंट, किंवा मधला एकच कपलर. तिथे बिघाड सापडण्याची शक्यता फार मोठी.

यू०४०१ सारखे ‘चुकीची माहिती आली’ म्हणणारे कोड वेगळे. तिथे संपर्क आहे, पण समोरचा स्वतःच एखाद्या सेन्सरवरून गोंधळलाय. त्या गाडीत आधी इंजिनचे पी-कोड (इंजिनच्या स्वतःच्या बिघाडांचे कोड) सोडवा, लाइनला हात लावू नका.

४. एकच मॉड्यूल गप्प असेल तर आधी त्याचं अन्नपाणी बघा

सप्लाय आणि अर्थ. बिघाडाचं मूळ इतक्या वेळा इथे असतं की माझं म्हणणं, कॅनच्या वायरींना हात लावायची परवानगी ही पायरी झाल्यावरच.

मॉड्यूलचा कपलर काढा. डायग्राममध्ये त्याच्या सगळ्या प्लस पिना शोधा; कायम प्लस वेगळा, चावीचा प्लस वेगळा. नुसत्या मल्टीमीटरने १२ व्होल्ट दिसले म्हणून समाधान मानू नका. शंभर तारांपैकी एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून तो २१ वॅटचा बल्ब. प्लस पिन आणि अर्थ पिन यांच्यात बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. कपलरची पिन फाकणार नाही अशी मापाची बारीक पिन वापरा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तो पेटलेला असताना मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि दुसरी त्याच अर्थ पिनवर. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून बराच जास्त आला तर अर्थ खराब.

आता माझी हॅचबॅक. बल्ब मिणमिणता पेटला आणि अर्थवर चार व्होल्ट दिसले. तीन महिन्यांपूर्वी गाडीचा पुढचा डावा कोपरा ठोकून रंगवला होता. पेंटरने अर्थचा लग (वायरीच्या टोकाची चकती) तसाच रंगावर कसला होता. गाडी उभी असताना एबीएसला थोडका करंट लागतो, तेवढं भागत होतं. गाडी निघाली की एबीएस स्वतःची चाचणी घेताना पंपाची मोटर फिरवतं, त्या क्षणी अर्थ कोसळायचा, मॉड्यूल रिसेट व्हायचं आणि सगळे त्याची गैरहजेरी मांडायचे. स्टिअरिंगला वेग कळेनासा व्हायचा, म्हणून त्याचाही दिवा. दहाचा पाना, पॉलिश पेपर, दहा मिनिटं. जुन्या युनिटचे पैसे माझ्या खिशातून गेले.

सप्लाय-अर्थ ठीक निघालं तर त्याच कपलरवर दोन कॅन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा, पण बॅटरी काढून. ६० ओहमच्या आसपास आला तर रस्ता तिथपर्यंत शाबूत आहे. टोकाचं मॉड्यूल असेल तर १२० दिसेल, कारण दुसरा रेझिस्टर तुम्ही नुकताच काढलेल्या मॉड्यूलच्या पोटात आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काहीच दिसलं नाही, उघडी लाइन दिसली, तर मधली वायर किंवा जोड तुटलाय. हे सगळं व्यवस्थित असूनही मॉड्यूल बोलत नसेल, तेव्हा कुठे त्याच्यावर संशय घ्या.

५. लाइनच पडली असेल तर: ओहम

चावी बंद, बॅटरीचं मायनस काढा, काही मिनिटं थांबा. लाइनवर व्होल्टेज असताना ओहम मोजले तर आकडा खोटा येतो. बॅटरी काढण्याआधी स्टिरिओचा कोड ग्राहकाकडे आहे का ते विचारा, आणि काचांचं ऑटो सेटिंग परत करावं लागेल हे सांगून ठेवा.

ओबीडी सॉकेटच्या ६ नंबर पिनवर कॅन हाय, १४ वर कॅन लो. दोन्हींमध्ये मोजा.

६० च्या आसपास: दोन्ही टोकं जागेवर आहेत.
१२०: एका टोकाचा रेझिस्टर गायब, किंवा मधे वायर तुटली.
शून्याजवळ: हाय आणि लो एकमेकींना चिकटल्यात.
४० च्या आसपास: तिसरा रेझिस्टर आलाय. चुकीच्या व्हेरिएंटचं मॉड्यूल बसवलं की असं होतं.
काहीच नाही: सॉकेटपर्यंतची वायरच तुटली.

मग प्रत्येक वायर अर्थशी तपासा. शून्याजवळ आकडा आला तर ती कुठेतरी बॉडीला लागलीय.

या पायरीत तीन सापळे आहेत. पहिला म्हणजे ६० ओहम आले की लाइन निर्दोष असं समजणं. एखाद्या मॉड्यूलकडे जाणारा फाटा तुटला असेल, किंवा लो वायर बॉडीला लागली असेल, तरी ६ आणि १४ मध्ये ६० च दिसतात. दुसरा सापळा गेटवेचा. बऱ्याच गाड्यांत ओबीडी सॉकेट फक्त गेटवे मॉड्यूलला (वेगवेगळ्या लाइनी एकत्र जोडणाऱ्या मॉड्यूलला) जोडलेला असतो आणि इंजिनची, बॉडीची लाइन गेटवेच्या पलीकडे असते. तिथे सॉकेटवरचा आकडा फक्त मधल्या तुकड्याबद्दल सांगतो. तिसरा, सगळ्या लाइनी सारख्या नसतात. काही गाड्यांत दरवाजे, एसी यांसाठी कमी वेगाची वेगळी कॅन असते, तिला ६० ओहमचा नियम लागू नाही. एकाच वायरवर चालणारी ‘लिन’ तर १२ व्होल्टवर चालते. जुन्या काही गाड्यांत ६ आणि १४ या पिनाच नसतात, ७ नंबरवरच्या के-लाइनवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका वायरीवर, काम चालतं.

६. मग व्होल्ट

बॅटरी जोडा, चावी ऑन. मीटर डीसीवर, काळी टोचणी अर्थवर. लाइन चालू असताना हायवर २.५ पेक्षा थोडं जास्त आणि लोवर थोडं कमी दिसतं, समजा २.७ आणि २.३. बेरीज पाचच्या जवळ यायला हवी. दोन्हींवर अगदी सारखा आकडा: एकमेकींना चिकटल्यात, नाहीतर कोणी बोलतच नाहीये. हायवर शून्य: अर्थला शॉर्ट. कुठल्याही वायरवर १२ च्या जवळ: प्लसला शॉर्ट.

मीटर फक्त सरासरी दाखवतो. नेहमीच्या ५०० केबीपीएस (सेकंदाला पाच लाख बिट) लाइनवर एक बिट दोन मायक्रोसेकंदांचा असतो, तो मीटरला दिसणं शक्य नाही. स्कोप असेल तर दोन्ही चॅनल १ व्होल्ट आणि १० मायक्रोसेकंदांवर लावा. हाय वर जाईल तेव्हा लो खाली जायला हवी, आरशातल्या प्रतिमेसारखी, कोपरे चौकोनी.

आणि टेस्ट लॅम्प कॅनच्या वायरींना कधीच लावायचा नाही. मघाचा बल्बही नाही. वायरीला सुई टोचून मोजायची सवयही सोडा. आज मोजमाप होतं, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच छिद्रातून पाणी शिरतं.

७. एकेक करून बाजूला काढा

लाइन शॉर्ट आहे हे कळलं, पण कुठे? मीटर सॉकेटला लावून ठेवा आणि एकेक गोष्ट लाइनवरून काढत जा. आकडा जिथे बदलेल तिथे थांबा. सुरुवात बाहेरून बसवलेल्या वस्तूंपासून: ट्रॅकर, अलार्म, कॅमेरा, स्टिरिओ. मग पाणी पोचतं ती ठिकाणं: पुढच्या काचेखालच्या जाळीजवळचा फ्यूज बॉक्स, पायातल्या कार्पेटखालचे कपलर, डिकी. डायग्राममध्ये मधला जॉइंट कपलर असेल तर त्याच्यापासून अर्धी-अर्धी लाइन वेगळी करता येते, बराच वेळ वाचतो.

एखादं मॉड्यूल काढल्यावर लाइन जिवंत झाली की लगेच ऑर्डर देऊ नका. आधी त्याचा कपलर उजेडात धरून बघा. हिरवट बुरशी, वाकलेली पिन, ओल दिसली तर दोष तिथेच असू शकतो.

पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावण्याआधी बॅटरी काढून त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, आणि एअरबॅगच्या वायरींवर ओहम मोजायचे नाहीत. नारिंगी केबल दिसली तर ती हाय व्होल्टेजची. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीचं प्रशिक्षण झाल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

८. लपंडाव खेळणारा बिघाड

गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते, स्पीडब्रेकरवर बिघडते. मीटरचा किमान-कमाल नोंदवणारा मोड लावा आणि एक माणूस हार्नेस (वायरींचा गठ्ठा) हलवत जाईल, दुसरा मीटर बघेल असं करा. डिकीच्या आणि दरवाजाच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप आधी तपासा, उघडझाप होऊन वायर आतल्या आत तुटते आणि वरचं कव्हर शाबूत दिसतं. उंदराने कुरतडलेली जागा बोटांना आधी लागते, डोळ्यांना नंतर, म्हणून हार्नेसवरून हात फिरवा. फक्त पावसात येणारा बिघाड असेल तर काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढून तिथे पाणी ओता आणि ते कुठे उतरतं ते आतून बघा.

९. वायर जोडताना आणि त्यानंतर

तुटलेली कॅन वायर नुसती पिळून टेप मारायची नाही. सोल्डर किंवा चांगला क्रिम्प, वर हीट श्रिंक. दोन्ही वायरींचे जोड एकासमोर एक आणू नका, थोडे मागेपुढे ठेवा. जोडीचा पीळ परत घाला. दोनेक इंचांपेक्षा जास्त लांबी सरळ सोडू नका. स्पीकरची उरलेली वायर इथे चालत नाही.

मॉड्यूल खरंच बदलावं लागलं तर आधी चौकशी करा: त्याचं कोडिंग लागतं का, इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवावं लागतं का, जुन्या गाडीचा चेसिस नंबर त्यात अडकून बसलाय का. जुन्या बाजारातलं मॉड्यूल चपखल बसतं आणि तरीही बोलत नाही, ते बऱ्याचदा यामुळे.

शेवटी कोड पुसा, बिघाड ज्या रस्त्यावर, ज्या वेगाला यायचा तिथे गाडी फिरवून आणा आणि पूर्ण स्कॅन परत करा. शक्य असेल तर गाडी रात्रभर ठेवून सकाळी थंड असताना आणखी एकदा. दुरुस्तीनंतरचे ओहम, हाय-लोचे व्होल्ट आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती फ्यूज बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. ही गाडी पुढे ज्याच्या हातात जाईल, त्याला ताडून बघायला आकडे मिळतील.